उजवा खांदा पाऊण इंच वर

तीर्थरूप काका आणि काकू यांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगं, हे तुम्हाला सांगायला नको. माझी सध्या साडेपाचच चालू आहेत. मान वळत नाही, जबडा अर्धाच उघडतो, आणि उजव्या खांद्याचं पुढे सविस्तर येईल. उरलेली अडीच अंगं बरी झाली की त्यांचा नमस्कार वेगळा पाठवीन.) काका, तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून त्याला शिव्या घालता का? काकूंनी कानाचं यंत्र घेतलं असं ऐकलं, पण तुम्ही बोलायला लागलात की त्या ते काढून ठेवतात असंही ऐकलं. इकडे सर्व कुशल आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पत्र इथेच मिटून ठेवलंत तर ते खरंही राहील.

नाही ना मिटलंत? वाटलंच मला. तर आता स्पष्टच लिहितो. काका, तुमच्या एका अर्धवट वाक्याने मला अकरा वर्षं आतून पोखरलंय, आणि ते वाक्य तुम्ही पुरं करावं एवढ्यासाठी हे पत्र आहे. उत्तर ताबडतोब पाठवा. डॉक्टरांनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर रक्तदाब उतरला नाही तर गोळ्या सुरू, आणि हात असाच थरथरत राहिला तर तुम्ही चाळीस वर्षं चालवलेलं दुकान मला मिटवावं लागेल, कारण थरथरत्या हाताच्या शिंप्याकडे कापड कोण टाकणार? (परवा खडूने बाहीची रेघ मारली, ती बघून गिऱ्हाईक म्हणालं, नक्षी छान आहे, पण मला साधीच हवी होती.) फोन का नाही केला, असं काकू विचारतील. फोनवर तुम्ही फटकन सांगून मोकळे झाला असतात आणि मी तिथेच आडवा झालो असतो. पत्राचं कसं बरं असतं. आधी ही, म्हणजे तुमची सूनबाई, वाचेल, आणि मला झेपेल तेवढंच सांगेल.

आता ते वाक्य. आठवा जरा. तुम्ही दुकान माझ्या हवाली केलंत तो दिवस. टॅक्सी दारात उभी, काकू आत बसलेल्या. तुम्ही मला किल्ल्या दिल्यात, तुमची मोठी कात्री कागदात गुंडाळून दिलीत, पायरीपर्यंत गेलात आणि थांबलात. आधी वर छताकडे बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. आणि म्हणालात, ‘अरे, तुला एक सांगायचं राहिलंच. बरं असू दे, निवांत सांगेन.’ टॅक्सीवाल्याने हॉर्न मारला, तुम्ही छत्री सावरत आत बसलात आणि गेलात. माणसाने असं करू नये हो! कोटात टाचणी विसरली म्हणून तुम्ही मला किती वेळा धारेवर धरलंय, आणि स्वतः मात्र एवढी मोठी टाचणी माझ्यात विसरून गावाला निघून गेलात.

मुळात मी भित्रा, हे तुम्ही मला लहानाचं मोठं केलंत तेव्हाच बघितलंय. शाळेत उद्या तपासणी आहे म्हटलं की मला आजच ताप यायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तो शिकवणी लावल्यासारखा रोज वेळेवर येतो. तर तुम्ही वर बघितलं होतंत, म्हणून मी पहिल्यांदा छतावर संशय घेतला. वासा सडला असणार, तुम्हाला माहीत असणार, आणि नव्या मालकाचा पहिलाच दिवस म्हणून तुम्ही गप्प बसला असणार. पुढचे सात-आठ महिने मी एक डोळा कापडावर आणि एक डोळा वर ठेवून कापणी केली. मान जी आखडली ती आखडलीच. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने शिडीवर चढून सगळं ठोकून बघितलं आणि म्हणाला, हे छत तुम्हाला पोचवून वर पन्नास वर्षं उभं राहील. (सुतार चांगला आहे, पण बोलण्याला रंधा मारलेला नाही.) माझा जीव भांड्यात पडला. अर्धा तास तिथे राहिला. मग वाटलं, छत नसेल, तर याचा अर्थ दोष माझ्या हातात आहे.

तुम्हाला म्हणायचं असणार, बाबा रे, तुझा मुंढा काही मला पसंत नाही. (काकू, मुंढा म्हणजे बाही जिथे बसते ती गोलाई. चाळीस वर्षं शिंप्याशी संसार करून तुम्हाला हे माहीत असेलच, पण पत्र पुढे कुणी वाचलं तर असावं.) झालं, प्रत्येक बाही लावताना मी दात आवळायला लागलो. दोन वर्षांनी दाढ ठणकली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर ते आत डोकावून विचारतात, तुम्ही खडी खाता का? दाढा म्हणे इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट झाल्यात. त्यांनी दातांवर चढवायला एक प्लास्टिकची पट्टी करून दिली. तीही मी चार महिन्यांत चावून संपवली. दुसरी दिली तेव्हा ते म्हणाले, ही जरा पुरवून खा.

मग पोट. तुमचं पत्र आलं आणि पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं की माझ्या पोटात गोळा यायचा. आता यात ते वाक्य असणार! मी पाकीट हिच्या हातात देऊन मागच्या मोरीत तोंड धुवायला जायचो. ही वाचायची, काका बरे आहेत, गुडघा दुखतोय, पाऊस नाही. म्हणजे नाहीच सांगितलं. म्हणजे पत्रात लिहिण्यासारखं नाही. म्हणजे किती भयंकर असेल बघा! पित्त असं खवळलं की पोटाच्या डॉक्टरांनी आधी तिखट बंद केलं, मग आंबट, मग चहा. आता फक्त हवा उरली आहे, तीही सावकाश घ्या म्हणतात. पोटाकडून काळजी वर सरकली ती छातीत. घराण्यात एखादा रोग असेल आणि तो मलाच होणार असं तुम्हाला कळलं असेल, म्हणून तर तुम्ही माझ्याकडे तसं बघितलंत! तेव्हापासून मी दिवसातून वीस वेळा मनगट धरून नाडी मोजतो. गिऱ्हाइकांना वाटतं मी स्वतःच्या कफचं माप घेतोय. मोजायला लागलं की ठोके वाढतात, वाढले की मी परत मोजतो. सर्दी तर वर्षाला आठ-नऊ वेळा येते, आता तिला विचारून आत घ्यावं लागत नाही. केसही गेले, पण त्याचा आळ तुमच्या वाक्यावर घालत नाही. दुकानात तुमचा फोटो आहे, त्यावरून ते घराण्याकडूनच आलेलं दिसतं.

विचारायचं होतंस की, असं तुम्ही आत्ता मोठ्याने म्हणालात, मला इथे ऐकू आलं. विचारणार होतो. दर महिन्याला विचारणार होतो. पण विचारलं आणि तुम्ही सांगितलंत तर? माहीत नसलेलं संकट निदान रोज बदलता तरी येतं. तुमच्या मुलीच्या लग्नात तुम्ही हातात ताट घेऊन मंडपातून सरळ माझ्याकडे येत होतात, आठवतं? मी खांबामागे गेलो, खांबामागून आचाऱ्यांकडे गेलो आणि तिथून मागच्या रस्त्याला लागून थेट घरी. तुम्हाला सांगण्यात आलं की माझं पोट बिघडलं. ते खरंच होतं, फक्त कारण ताट घेऊन येत होतं.

आता खांदा. तुमच्या दुकानाचा पहिला नियम मी देवासारखा पाळत आलोय. कोट कुणाचाही असो, कच्ची शिलाई झाली की आधी स्वतःच्या खांद्यावर चढवायचा, आरशात बघायचा, आणि मगच गिऱ्हाइकाला घालायचा, कारण जो आपल्याला टोचतो तो त्यालाही टोचणार. उत्तम नियम. फक्त त्यात गृहीत धरलंय की शिंप्याचे खांदे सरळ आहेत.

गेल्या महिन्यात अग्निशमन दलाच्या बावीस जणांचे समारंभाचे कोट आपल्याकडून गेले. नवा बंब आला होता, त्याच्यापुढे सगळ्यांचा फोटो निघाला आणि वर्तमानपत्रात छापून आला. काका, मी तो फोटो बघितला आणि खुर्ची शोधली. बावीस धट्टेकट्टे जवान, छात्या पुढे, आणि बावीसच्या बावीस उजवे खांदे कानाच्या दिशेने वर. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी विचारलंय, आग लागली तर येणार ना? आणि अख्खं दल एका खांद्याने उत्तर देतंय, बघू बुवा, आत्ताच काय सांगावं! दुसऱ्याच दिवशी दलाचे मोठे साहेब दुकानात हजर. माणूस सभ्य आहे, पण आयुष्यभर आगीवरून ओरडून बोलल्यामुळे समोरच्याला विझवायला आल्यासारखा बोलतो. लोक फोन करून विचारतात म्हणे, नक्की येता ना? महिनाअखेरीला बंबाचं रीतसर उद्घाटन आहे, तोवर बावीस खांदे सरळ व्हायला हवेत, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार. आणि दलाच्या मागोमाग सगळेच जाणार, हे मला कुणी सांगायला नको.

ते गेले आणि तासाभरात हाडांचे डॉक्टर आले. हे आपल्या समोरच्या इमारतीत बसतात, कोट आपल्याकडेच शिवतात. त्यांच्याकडे वर्षभरात सात जण उजवा खांदा दुखतो म्हणून आले होते, त्यात शाळेचे मुख्याध्यापक, टपाल कचेरीतले मोठे साहेब आणि एक निवृत्त न्यायाधीश. तपासायला कोट काढायला लावला की दुखणं कमी, घालून निघाले की पुन्हा सुरू. सातही कोटांना आतून आपल्याच दुकानाच्या नावाची पट्टी. हे सांगताना डॉक्टरांचाही उजवा खांदा वर होता, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत आपल्या काज-बटणवाल्या मावशी जागेवरून उठल्या. (तुमच्या वेळच्याच त्या. अजून सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवतात, आणि मला अजून ‘अरे ए’च म्हणतात.) त्यांनी गळ्यातली टेप काढून मला भिंतीला उभं केलं, जमिनीपासून डावा खांदा मोजला, उजवा मोजला आणि जाहीर केलं, पाऊण इंच. म्हणजे काय झालं होतं बघा. सरळ शिवलेला कोट मी माझ्या वाकड्या अंगावर घालायचो, उजवीकडे चुणी दिसायची, मी ती कोटाची चूक समजून उजवा खांदा उचलून दुरुस्त करायचो, आणि मग माझ्या मापाची काळजी मुख्याध्यापकांच्या अंगावर चढायची. बिचारा माणूस रिकामी जागा भरायला आपला खांदा वर धरून हिंडायचा. अर्धी वस्ती मी अशी शिवून ठेवली आहे! मावशी परत जागेवर बसता बसता म्हणाल्या, ‘कापड न घालता मशीन रात्रंदिवस हाणलं की असंच व्हायचं. कसली रे एवढी काळजी?’ मी म्हटलं, काही नाही. अकरा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलोय, हिलासुद्धा.

डॉक्टर मला हाताला धरून समोर त्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. रक्तदाब वरचा एकशे सत्तर निघाला. त्यांनी पंधरा मिनिटं मान, जबडा, पोट, नाडी सगळं विचारलं आणि म्हणाले, तुम्ही पाच डॉक्टरांना पाच दुखणी वाटून दिलीत, पण दुखणं एकच आहे, तुम्ही कशाला तरी घाबरून बसलाय. कधीपासून? आणि काका, मी पहिल्यांदा ते वाक्य कुणाला तरी मोठ्याने सांगितलं. ते गंभीर झाले. मग रुमाल तोंडावर धरून खिडकीकडे वळले आणि बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते (उजवा जास्त). मग परत वळून त्यांनी नीट समजावून सांगितलं. वाघ समोर आला की अंग तयार होतं, स्नायू आवळतात, छाती धडधडते, पोट आपलं काम बाजूला ठेवतं, आणि वाघ गेला की सगळं जागच्या जागी येतं. अंगाला वाघ आणि काका यांतला फरक कळत नाही. फक्त वाघ निघून जातो. तुमचे काका अकरा वर्षं दारातच उभे आहेत. तेव्हा एक तर त्यांना विचारा, नाहीतर महिनाअखेरीला माझ्याकडे गोळ्या लिहून घ्यायला या.

घरी येऊन हिला सांगितलं. ही ऐकत होती तोवर हातातली भाजी चिरत होती. संपल्यावर सुरी खाली ठेवून म्हणाली, इतकी वर्षं मी तुझ्यासाठी बेचव जेवतेय, ते याच्यासाठी? आणि माझ्यापुढे कागद सरकवला. तेव्हा काका, पाया पडतो (वर सांगितल्याप्रमाणे, जमेल तेवढा), काय असेल ते लिहा. वासा असो, मुंढा असो, रोग असो, मी ऐकायला बसलोय. घरातल्या मोठ्यांना नमस्कार. लहानांच्या डोक्यावर हात ठेवतो, डावा.

तुमचाच,
उजवीकडून किंचित वर असलेला,
पुतण्या

ता. क. – पत्र हिने वाचलं. हिचं म्हणणं, सगळ्यांची थट्टा केलीस आणि खरं तेवढं लिहायचं राहिलं. तर लिहितो. तुमच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी आलो नाही, फक्त हिला पाठवलं, असं तुम्ही समजता. ते खरं नाही. मी आलो होतो. तुम्हाला गुंगीचं औषध दिलंय, तुम्ही संध्याकाळपर्यंत बोलू शकणार नाही, अशी नर्सबाईंकडून दोनदा खात्री करून घेतली आणि मग तुमच्या खोलीत अर्धा तास बसलो. तुमच्या पायजम्याची शिवण उसवली होती, ती तिथेच घालून दिली. ज्या माणसाने मला सुई धरायला शिकवलं त्याच्याजवळ तो बेशुद्ध असतानाच बसायची माझी हिंमत झाली, याची मला लाज वाटते.

दुसरा ता. क., बुधवार – पत्र टाकायला उशीर झाला तेवढ्यात हिने घोटाळा केला. हिला उत्तराची वाट बघवेना, म्हणून हिने काकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आता काकूंचा उलटा फोन आलाय की काकांना काही म्हणजे काही आठवत नाही! काल दुपारपासून तुम्ही ओसरीत बसून ‘मी काय सांगणार होतो’ एवढंच म्हणताय, जेवायला उठत नाही, पोटात आग पडलीय म्हणता, आणि सकाळपासून मानही धरली आहे. काका, मी तुमचं वाईट चिंतलेलं नाही, पण खरं सांगितलंच पाहिजे. काकांनाच आठवत नाही हे ऐकलं आणि मी सरळ रेघ मारली. एक नाही, सोळा मारल्या. डॉक्टरांनी दाब मोजला, एकशे अडतीस. माझं दुखणं मी तुमच्याकडे असं रवाना केलं याचं मला इतकं वाईट वाटलं की मी दोन पेले चहा प्यालो, आणि तो पचला.

तिसरा ता. क., गुरुवार – दलाचे साहेब कामासाठी तुमच्याच गावाला निघालेत, पत्र त्यांच्या हाती देतोय. दारात अग्निशमन दलाची गाडी बघून घाबरू नका, आग लागलेली नाही. (त्यांचा खांदा मी सरळ करून दिलाय, उरले एकवीस, होतील.) रविवारी आम्ही दोघं येतोय, चांगले चार दिवस राहायला. आणि मुख्य म्हणजे, ते सापडलं. आज सकाळी मावशींना सहज म्हटलं, काका जाताना मला काहीतरी सांगणार होते, ते आता त्यांनाच आठवत नाही आणि त्यांनी जेवण सोडलंय. मावशींनी काजावरून नजरही उचलली नाही. म्हणाल्या, ‘मागच्या दाराची कडी. ती जरा उचलून लावावी लागते, नाहीतर अडकते. आदल्या दिवशी मला म्हणाले होते, त्याला सांगायला हवं.’ मी म्हटलं, मावशी, मग अकरा वर्षं बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, ‘काय बोलायचं? तू पहिल्या दिवसापासून उचलूनच लावतोस की.’ मी उठून मागे गेलो, कडी काढली, लावली, परत काढली, परत लावली. उचलूनच लावतो, काका. आता हे खरंच तेच होतं, की आपल्या दोघांची दशा बघून मावशींनी बसल्या जागी शिवून दिलं, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. जेवून घ्या.